जमीन माझी, मर्जी कुणाची?

मागच्या रविवारी एका मित्राबरोबर शेलूला गेले होते. कर्जत लोकल, वांगणीच्या पुढचं स्टेशन. उतरल्याउतरल्या नव्या बिल्डिंगा आणि प्लॉटचे बोर्ड. मित्र आयटीवाला, तीन पिढ्या लालबागच्या चाळीत काढलेल्या. त्याला फ्लॅट नको होता, थोडी भातजमीन हवी होती. सौदा जमत आला आणि एजंटने विचारलं, "घरात कुणाच्या नावावर सातबारा आहे ना?"

नव्हता. खेळ खल्लास! शेतकरी नसाल, तर कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमीन घ्यायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. जमीनमालक काका भडकले. "जमीन माझी, गिऱ्हाईक समोर उभं. मधे अडवणारे हे कोण?"

बॉस, पोलिटिकल सायन्सची पुस्तकं ज्याला लिबर्टेरियन विचार म्हणतात, त्याचा फंडा नेमका हाच. माझं शरीर माझं, माझे कष्ट माझे, त्यातून आलेली मालमत्ताही माझी. दुसऱ्यावर जबरदस्ती करत नाही तोवर मी काय करावं, हे कुणी सांगायचं नाही. सरकारने पोलीस, कोर्ट आणि सीमा सांभाळावी, बस्स.

हे अमेरिकन फॅड वाटत असेल तर शरद जोशी आठवा. स्वित्झर्लंडमधली आंतरराष्ट्रीय नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करणारा माणूस. १९७९ मध्ये शेतकरी संघटना काढली, घोषणा दिली 'भीक नको, हवे घामाचे दाम'. म्हणणं असं की सबसिडीचे तुकडे टाकू नका, पण कांद्याला भाव आला की निर्यातबंदीही लादू नका. याच जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती' मोहिमेत शेतकऱ्यांना बायकांच्या नावावर जमिनी करायला लावल्या, आणि ९ मार्च २०१० ला राज्यसभेत महिला आरक्षण विधेयकाविरुद्ध पडलेलं एकमेव मतही त्यांचंच. १८६ विरुद्ध १! पटो न पटो, पण धाडस लागतं राव. (मला ते मत पटलेलं नाही.)

तर काकांच्या बाजूने मी मनातल्या मनात टाळ्या वाजवत होते. चहा आला तेव्हा सहज विचारलं, "जमीन वाडवडिलांची का?"

"आजा कूळ होता. कसेल त्याची जमीन झाली, तेव्हा नावावर चढली."

म्हणजे १ एप्रिल १९५७, कृषक दिन. त्या दिवसापासून कसणारी कुळं मालक ठरत गेली आणि जमीनदाराची मर्जी कुणी विचारली नाही. कायदा कुठला? १९४८ चा, तोच, ज्याच्या कलम ६३ ने आत्ता काकांचं गिऱ्हाईक पळवलं होतं!

लिबर्टेरियन मंडळींचा लाडका तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक १९७४ च्या पुस्तकात मालकीला एक अट घालतो: मुळात वस्तू न्याय्य मार्गाने मिळालेली हवी, आणि तशी नसेल तर अन्याय दुरुस्त व्हायला हवा. मग ही जमीन आधी जमीनदाराकडे कशी आली होती? पिढ्यान् पिढ्या चिखलात राबलेल्या आज्याच्या कष्टांचा हिशेब कोण करणार? 'माझं ते माझं' म्हणायला सोपं आहे हो, पण 'माझं' कधीपासून मोजायचं, तिथे माझ्या टाळ्या थांबल्या.

काकांना मी हे काही बोलले नाही. परतीच्या लोकलमध्ये मित्र फोनवर आईला विचारत होता, "आजोबांच्या गावी आपल्या नावावर काही उरलंय का गं?"