कुलुपातील स्वर

कलावंत हयात असताना त्याच्या कलेचा स्वामी तो स्वतः असतो. तो गेल्यानंतर मात्र त्या कलेचे अनेक परस्परनियुक्त स्वामी उत्पन्न होतात. कोणी त्याच्या आठवणींचा स्वामी होतो, कोणी त्याच्या पत्रांचा, तर कोणी त्याच्या ध्वनिमुद्रणांचा. यांपैकी शेवटचा वर्ग आम्हाला सर्वांत घातक वाटतो व त्याच्याविषयी आज स्पष्ट बोलण्याची वेळ आली आहे. आपल्या संग्रही अमुक गवयाची अमुक मैफल आहे, असे हा गृहस्थ चारचौघांत वारंवार सांगतो. पण ती ऐकवा म्हटले की त्याची मुद्रा बदलते. वडिलोपार्जित जमिनीचा सातबारा दाखवावा, पण शेतात कोणाला पाऊल टाकू देऊ नये, अशातला हा प्रकार आहे. परप्रांतात नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या आपल्या सुशिक्षित मंडळींत हा वर्ग अल्पसंख्य नाही, म्हणूनच हा प्रपंच.

उदाहरणादाखल केसरबाई केरकर यांचेच घेऊ. गोव्यातील केरी गावी 1892 साली जन्मलेल्या या गायिकेला 1921 पासून अल्लादियाखाँसाहेबांची दीर्घ तालीम मिळाली. 1948 साली कलकत्त्याने त्यांना ‘सूरश्री’ म्हटले, 1953 साली संगीत नाटक अकादमीने गौरविले आणि 1969 साली पद्मभूषण मिळाले. 1977 च्या सप्टेंबरात त्या निवर्तल्या. त्याच वर्षी अमेरिकेने सोडलेल्या दोन व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी होती. तीवर साऱ्या पृथ्वीतलावरील संगीताचे अवघे 27 नमुने होते. त्यांत भारताच्या वाट्याला एकच जागा आली व ती केसरबाईंच्या साडेतीन मिनिटांच्या भैरवीला मिळाली. पहिले यान 2012 साली व दुसरे 2018 साली सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडले. ज्या बाईंचा स्वर ताऱ्यांमधील पोकळीत निघून गेला, त्यांच्याच मैफलीची फीत दिल्लीच्या किंवा भोपाळच्या एखाद्या सरकारी निवासस्थानातील कपाटातून शेजारच्या खोलीपर्यंत येऊ शकत नसेल, तर या विसंगतीला काय म्हणावे?

यावर संग्राहकांचा पहिला आक्षेप ठरलेला आहे. ते म्हणतात, ‘बाई स्वतःच ध्वनिमुद्रणाबाबत कमालीच्या काटेकोर होत्या, त्यांची इच्छा आम्ही पाळतो.’ हा युक्तिवाद वरवर पाहता सात्त्विक वाटतो. परंतु तो टिकणारा नाही. मैफल हीच ज्यांची उपजीविका व तालीम हेच ज्यांचे धन, त्या पिढीने आपल्या गाण्याची राखण केली, यात नवल नाही. पण ती राखण जिवंत गायनाची होती. गाणारा गळा शांत झाल्यावर राखण करणे म्हणजे रिकाम्या गाभाऱ्यावर पहारा देणे होय. शिवाय बाईंची इच्छा इतकी प्रमाण असेल, तर ही फीत मुळात घरात आलीच कशी, हा प्रश्न आम्ही विचारीत नाही. तो संग्राहकांनी स्वतःस विचारावा.

राखण केल्याने काय होते, याचा दाखला दूर शोधावा लागत नाही. खुद्द अल्लादियाखाँसाहेब 1946 साली गेले. त्यांचा स्वर आज कोठेही उपलब्ध नाही. केसरबाईंना ज्यांची तालीम काही काळ लाभली ते भास्करबुवा बखले 1922 साली गेले. त्यांचाही स्वर नाही. या दोघांच्या थोरवीविषयी आपण वाचतो, शिष्यांच्या गळ्यातून तिचा अंदाज बांधतो आणि तेथेच थांबतो. ही हानी कोणाच्या दुष्टाव्याने झाली असे नाही. पण हाती असलेली फीत कुजू देणे ही हानी मात्र आपल्या डोळ्यांदेखत व आपल्या संमतीने होते आहे. चुंबकीय फितीवरील लेप ज्या चिकट द्रव्याने बसविलेला असतो, ते हवेतील दमट ओढून घेते, चिकट होते आणि फीत वाजविताना लेपच खरवडून निघतो. जुन्या अ‍ॅसिटेटच्या फितीला तर व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागतो. तो तिच्या मृत्यूचा वास असतो. बदलीगणिक मालमोटारीतून हिंडलेल्या पेट्यांतील या फिती आणखी किती तग धरतील? ती वाजविणारी यंत्रेही झपाट्याने नाहीशी होत आहेत. तात्पर्य, कुलूप चोरापासून राखील. दमटपणापासून राखणार नाही.

दुसरा आक्षेप शुद्धतावाद्यांचा आहे. ‘हे गाणे शांत चित्ताने, तंबोऱ्यांच्या झंकारात ऐकायचे, बसमध्ये, स्वयंपाकघरात, भांड्यांच्या आवाजात नव्हे,’ असे ते बजावतात. आम्हाला हे मुळीच मान्य नाही. केसरबाईंच्या ललितची किंवा नटकामोदची तबकडी सुमारे तीन मिनिटांची. ती घरोघरी वाजावी म्हणूनच निघाली होती, आणि ज्या घरांत ती वाजली त्या घरांत मुले रडत होती व दूधही उतू जात होते. मुंबईच्या लक्ष्मीबागेत ज्या काळी मैफली रंगत, त्या काळीही बाहेर गिरगावची वर्दळ काही थांबत नव्हती. ज्या भाषेतील ओवी जात्याच्या घरघरीत जन्मली, त्या भाषेच्या लोकांनी कामाच्या ओघात गाणे ऐकण्याला कमीपणा मानावा, हे आश्चर्य आहे. सकाळी कार्यालयाला जाताना गर्दीत उभ्या असलेल्या कारकुनाने कानाला यंत्र लावून तीन मिनिटे भैरवी ऐकली, तर भैरवी बाटत नाही. त्या कारकुनाचा दिवस मात्र उजळतो. अर्थात वाटणे निराळे व लादणे निराळे. रेल्वेच्या डब्यात मोठ्याने गाणे लावून सहप्रवाशांस वेठीस धरणाऱ्याचे समर्थन आम्ही करीत नाही.

कायद्याचे भय दाखविणारेही काही आहेत. त्यांनी 1957 चा कायदा नीट वाचावा. प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणावरील स्वामित्वहक्क पुढील वर्षारंभापासून 60 वर्षे चालतो. म्हणजे 1960 पूर्वी निघालेल्या तबकड्या आज सर्वांच्या झाल्या आहेत. खासगी मैफलींच्या फितींची गोष्ट वेगळी. तेथे वारसांची अनुमती घ्यावी, आणि त्यांचा व्यापार तर कदापि करू नये. पण अनुमती मागण्याचे कष्टही न घेता हक्कांची ढाल पुढे करणे हा निव्वळ आळस आहे.

परप्रांतातील आपल्या मंडळांविषयी येथे दोन शब्द बोलणे भाग आहे. ‘आता अशी माणसे होणे नाही’ हे वाक्य आपल्या व्यासपीठांवरून इतक्यांदा उच्चारले जाते की, ती माणसे काय गात होती हे ऐकविण्यास वेळच उरत नाही. गणेशोत्सवात ध्वनिवर्धकावर चित्रपटगीते आणि भाषणात केसरबाई, ही वाटणी आम्हाला उलटी वाटते. शिवाय बंगाली वा तमिळ शेजाऱ्यापुढे मराठी नाटक ठेवायचे तर भाषांतर लागते. केसरबाईंच्या गाण्याला ते लागत नाही. बंदिशीतील शब्द ना त्याच्या भाषेतले, ना आपल्या, स्वर दोघांचा. कलकत्त्याने त्यांना पदवी दिली ती काही मराठी शिकून नव्हे. आपल्या भूमीने दिलेले इतके सहज वाटता येणारे दुसरे धन कोणते आहे?

म्हणून आमचे मागणे स्पष्ट आहे. ज्यांच्याकडे फिती आहेत त्यांनी जाणत्या माणसाच्या हातून त्यांची अंकीय प्रत करवून घ्यावी. स्थळ, काळ व साथीदार आठवतील तेवढे लिहून ठेवावे. आणि एक प्रत गुरुग्राममधील संगीत-संग्रहालयासारख्या एखाद्या संस्थेकडे सोपवावी. मंडळांनी महिन्यातून एक संध्याकाळ, एकाच्या दिवाणखान्यात, चहाच्या कपाबरोबर, केवळ ऐकण्यासाठी राखावी; शेजाऱ्यांना बोलवावे आणि प्रास्ताविक पाच मिनिटांच्या वर नेऊ नये. संग्राहकाची कीर्ती त्याच्या कपाटाच्या खोलीवर नव्हे, तर त्याच्यामुळे किती जणांच्या कानी स्वर पडला यावर मोजली जावी. बदलीचा हुकूम आला की सरकारी घर रिकामे करताना आपण किल्ली दुसऱ्याच्या हाती देतोच. कपाटाची किल्लीही त्याच निर्विकारपणे, पण थोडी आधी द्यावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.