हेरल्डची धाकटी बहीण

आमच्या मागच्या गल्लीतल्या एका पोर्चमध्ये ताडपत्रीखाली मोटार झाकलेली असते, हे प्रताप नगरात राहायला आल्यापासून बघतोय. ती 1966 ची ट्रायम्फ स्पिटफायर आहे, दोन सीटची, उघड्या टपाची, आणि विकायची आहे, हे मात्र गेल्या महिन्यात कळलं. तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाही.

एमजी मिजेट, एमजीबी, स्पिटफायर या गाड्या लॉर्ड लोकांसाठी नव्हत्या. घरगुती मोटारीचे इंजिन, गिअर घ्यायचे, त्यावर बुटकी बॉडी चढवायची आणि पगारदार तरुणाच्या खिशाला झेपेल अशा किमतीत विकायची, असा तो हिशेब. स्पिटफायर निघाली ट्रायम्फ हेरल्डमधून, आणि हेरल्ड तर आपली घरचीच. 1961 पासून मद्रासला ती स्टँडर्ड हेरल्ड या नावानं बनत होती. माझ्या मामांकडे होती एक. तिचं बॉनेट मडगार्डांसकट पुढे कलंडायचं आणि मामा चक्क पुढच्या चाकावर बसून कार्बोरेटर साफ करायचे. स्पिटफायरचं बॉनेटही तसंच उघडतं. ते पाहिलं आणि मामांच्या हाताचा पेट्रोलचा वास आठवला.

म्हणून गाडी दाखवायला नेले ते हेरल्डवर हात बसलेले मिस्त्री काका. त्यांनी इंजिनाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "इंजिन बांधता येते भाऊ. पत्रा पाहू द्या आधी." पोतं अंथरून ते गाडीखाली शिरले आणि बराच वेळ बोललेच नाहीत. हेरल्डच्या चासीला दोन्ही बाजूंनी पट्ट्या असतात. स्पिटफायरची चासी आखूड करताना त्या काढून टाकल्या, त्यामुळे दाराखालच्या पत्र्यावर गाडीचा ताण येतो. तोच पत्रा गंजतो. डावीकडे काकांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर तो अर्धा इंच आत गेला. झगझगीत लाल रंगाखाली नुसती पुट्टी. मग मला आत बसवून त्यांनी दार लावून पाहिलं. वरच्या कोपऱ्यात दार घासत होतं.

अशी गाडी घेऊ पाहणाऱ्यानं पैसे पत्र्यासाठी द्यावेत, रंगासाठी नाही. 1147 सीसीचं इंजिन साधं आहे, सुटे भाग इंग्लंडात आजही नवे मिळतात, पाने तेवढे इंचाचे लागतात. कुणाला तरी क्लच दाबायला सांगून समोरची पुली पाहावी. ती पुढे सरकली तर क्रँकचे थ्रस्ट वॉशर गेले समजावं, आणि ते काम मोठं आहे.

कागदपत्रांचंही पाहिलं. केंद्राच्या 2021 च्या नियमांप्रमाणे 50 वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात 'व्हीए' अक्षरं, नव्या नोंदणीचे 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. पण तशी नोंदवली की रोज फिरवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. ही अट मला मनापासून खटकते. नागपूरच्या उन्हाळ्यात उभ्या गाडीचे रबर तडकतात, ब्रेक धरून बसतात. तिला चालवायलाच हवं.

भाव काही ठरला नाही. पत्र्याचा खर्च वजा करून मी आकडा सांगितला, मालक विचार करतो म्हणाले. आम्ही निघणार तर काका पुन्हा खाली बसले. पुढच्या चाकामागचा पितळी सांधा त्यांनी फडक्यानं पुसला.

"इथं साऱ्यांनी ग्रीसच भरलं असन. ग्रीस नाही, गिअरचं तेल लागते इथं. सुकला का वळताना चाकच मोडून पडते."

पिशवीतून त्यांनी तेल भरलेली ग्रीसगन काढली. मालकांनी न सांगता जुना पेपर आणून खाली अंथरला आणि स्वतःही उकिडवे बसले. आधी काळं, घट्ट झालेलं ग्रीस गोळ्यागोळ्यानं बाहेर आलं. काका दाबत राहिले. मग हळूहळू स्वच्छ तेल झिरपायला लागलं.

"आता दुसरं चाक," मालक म्हणाले.