नकाशा ऑनलाइन, वस्ती बाहेर

शहराचे नियोजन आता लोकांना विचारून होणार, असा गाजावाजा गेली दहा वर्षे सुरू आहे. संकेतस्थळावर नकाशा टाकायचा, नागरिकाने त्यावर बोट ठेवून रस्ता कोठे हवा, बाग कोठे हवी ते सांगायचे आणि प्रशासनाने त्या मतांची बेरीज करून आराखडा करायचा, अशी ही पद्धत. ऐकायला गोड वाटते. आमचा प्रश्न एवढाच आहे, की बोट कोणाचे?

पुण्याचे उदाहरण घ्या. २५ जून २०१५ रोजी केंद्राने स्मार्ट सिटी मिशन सुरू केले. ही शहरांची स्पर्धाच होती आणि नागरिकांचा सहभाग किती घेतला यालाही गुण होते. मग काय विचारता? अर्ज वाटले गेले, केंद्राच्या मायगव्ह संकेतस्थळावर चर्चा झडल्या. जानेवारी २०१६ मध्ये पहिल्या २० शहरांची यादी लागली, तेव्हा भुवनेश्वरपाठोपाठ पुण्याचा दुसरा क्रमांक आला. लोकसहभागाबद्दल पाठ थोपटून घेण्यात आली. पण या सहभागातून क्षेत्रविकासासाठी निवडला गेला तो भाग कोणता? औंध-बाणेर-बालेवाडी! आयटीतील नोकरदारांचा, मोठमोठ्या सोसायट्यांचा. ताडीवाला रोड, पाटील इस्टेट, पर्वतीची जनता वसाहत या वस्त्या त्या रेषेच्या बाहेर राहिल्या. औंध-बाणेरलाही गरिबांच्या वस्त्या आहेत, हे आम्ही जाणतो. पण गरिबांच्या गरजेवरून क्षेत्र ठरले असते तर पहिला नंबर बालेवाडीचा लागला असता, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगावे. ३१ मार्च २०२५ रोजी हे मिशन संपले. सार्वजनिक शौचालयापुढची रांग मात्र संपली नाही.

कोणी म्हणेल, वस्तीतल्या लोकांनाही मत देण्यापासून कोणी अडवले होते? अडवले नव्हते, हे खरे. पण सवाल कोणी काढले? पर्याय कोणी लिहिले? 'वाहतूक की कचरा' असा सवाल विचारला, तर 'आमचे घर ज्या जागेवर आहे ती जागा आमच्या नावावर कधी होणार' हे उत्तर लिहायला त्यात चौकट नसते. ज्याच्या हाती प्रश्नपत्रिका, त्याच्याच हाती निकाल.

बहुजन समाजाला हा खेळ नवा नाही. इंग्रजी अमलात मताचा अधिकार मालमत्ता, सारा आणि शिक्षण यांवर मोजून दिला जात होता. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांना स्वतंत्र प्रतिनिधित्व आणि मताधिकाराची अट शिथिल करण्याची मागणी केली. पुढे १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकाराचा आग्रह धरला. त्यांनी मोडून काढायला लावलेली ती अट आज मोबाईल आणि नेट पॅकच्या रूपाने परत येत असेल तर आम्ही गप्प बसायचे काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या १०० पुरुषांपैकी सुमारे ५७ जणांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचे आढळले, बायकांमध्ये हा आकडा अवघा ३३ होता. पाण्यासाठी, शौचालयासाठी, पाळणाघरासाठी सर्वात जास्त खस्ता कोण खाते? तीच बाई या मतमोजणीत सर्वात मागे.

म्हणून आम्ही संगणकाच्या विरोधात आहोत, असा कांगावा कोणी करू नये. आपल्या वस्तीवर कोणते आरक्षण पडले आहे हे एकेकाळी बिल्डर आणि नगरसेवक यांनाच आधी कळत असे. आज तोच नकाशा पोरगा मोबाईलवर उघडून बापाला दाखवू शकतो. ही लहान गोष्ट नव्हे.

आणि लोकांना समजेल अशा रीतीने विचारता येते, हेही पुण्यानेच दाखवले आहे. येरवड्यात जेएनएनयूआरएममधील शहरी गरिबांच्या योजनेखाली २००९ च्या सुमारास आहे त्याच जागी पक्की घरे बांधायचे ठरले. २७० चौरस फुटांचे घर कागदावरच्या रेघांतून कोणाला कळणार? तेव्हा महिला मिलन, नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन आणि स्पार्क यांच्या कामातून खऱ्या मापाचे नमुने उभे केले गेले. मोरी कोठे, जिना कोठे, यावर बायकांना त्यात उभे राहून बोलता आले. तेथे ना पडदा होता ना पासवर्ड.

आणखी एक गोष्ट, आणि ती कार्यकर्त्यांनी नीट लक्षात घ्यावी. संकेतस्थळावरच्या क्लिकला कायद्यात काही किंमत असतेच असे नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ प्रमाणे विकास आराखड्याचा मसुदा जाहीर झाल्यावर दिलेल्या हरकतीला मात्र किंमत आहे, कारण कलम २८ नुसार हरकत घेणाऱ्याला सुनावणीची संधी द्यावीच लागते. पुण्याच्या जुन्या हद्दीचा मसुदा २०१३ मध्ये जाहीर झाला तेव्हा ८० हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या होत्या. लोकांना मत नाही, असे त्यानंतर तरी कोणी म्हणू नये!

आमची मागणी सरळ आहे. ऑनलाइन मते घ्यायची असतील तर समाजमंदिरात पडदा लावा, मराठीत बोला, कामावरून माणसे परतल्यावर रात्री आठला या. किती मते आली हे सांगू नका, कोणत्या वस्तीतून किती आली आणि त्यांत बायका किती हे सांगा. जी सूचना फेटाळली ती का फेटाळली, हेही त्याच संकेतस्थळावर टाका.

तोवर वस्तीतील तरुणांनी संकेतस्थळावर मत नोंदवावेच, पण तेवढ्यावर थांबू नये. मुदतीच्या आत लेखी हरकत द्यावी, पोच घ्यावी, आणि सुनावणीच्या दिवशी खाडा करून का होईना, दहा-वीस बायांना घेऊन हजर राहावे.