मांजराचा डोळा आणि रेमडेसिव्हिर

मांजराच्या डोळ्यातून पाणी आलं की घरोघरचं निदान ठरलेलं: डोळे आलेत. मग कोणी कोमट पाण्याचा बोळा फिरवतं, कोणी गुलाबपाणी घालतं, कोणी आजोबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर फ्रिजमध्ये उरलेले ड्रॉप्स काढतं. पिल्लांच्या बाबतीत निदान पुष्कळदा बरोबरही निघतं. हर्पिस, कॅलिसी, क्लॅमिडिया या नेहमीच्या संसर्गांत शिंका येतात, पापण्या सुजतात, चिकट घाण येते आणि वेळेवर उपचार झाले तर पिल्लू सुधारतं. घात होतो तो ड्रॉप्समुळे. ऑपरेशननंतरच्या त्या बाटलीत बहुधा स्टेरॉइड असतं, आणि डोळ्याच्या पारदर्शक पडद्यावर जखम असेल तर त्याने डोळाच जाऊ शकतो.

दुसरा प्रकार जास्त फसवा. घाण नाही, शिंका नाहीत, नुसता डोळा वेगळा दिसतो. कालपर्यंत पडद्याला लोंबकळणारं सात-आठ महिन्यांचं मांजर. आज त्याच्या एका डोळ्याचा हिरवट रंग मातकट, तांबूस झालेला, आत धुकं साचल्यासारखं. खिडकीतल्या भर उजेडात एक बाहुली रेघेएवढी, दुसरी मात्र टपोरी. ओट्यावर उडी मारताना अंदाज चुकतो. घरच्यांनी आठवून पाहिलं की लक्षात येतं, आठवडाभर ते नीट जेवतही नव्हतं, आणि अँटिबायोटिक देऊनही ताप उतरत नव्हता.

डोळ्याच्या आतल्या भागाला आलेली ही सूज म्हणजे युव्हायटिस. मार लागूनही ती येते. पण दोन्ही डोळ्यांना असेल किंवा मांजर मलूल असेल तर कारण शरीरात शोधावं लागतं. टॉक्सोप्लाझ्मा, ल्युकेमियाचा विषाणू, आणि दोन वर्षांच्या आतल्या मांजरात आवर्जून एफआयपी, म्हणजे फेलाइन इन्फेक्शस पेरिटोनायटिस. बोस्टनच्या पशुवैद्य जीन होल्झवर्थ यांनी १९६३ मध्ये या आजाराकडे लक्ष वेधलं. मांजरांचा स्वतःचा एक कोरोना विषाणू असतो. माणसाला तो होत नाही. बहुतेक मांजरांच्या आतड्यात तो निमूट राहतो. थोड्याच मांजरांत त्याचं रूप पालटतं, तो पांढऱ्या पेशींत शिरतो आणि अंगभर पसरतो. ओल्या प्रकारात पोटात किंवा छातीत पाणी साठतं. कोरड्या प्रकारात डोळे, मेंदू, मूत्रपिंड आजाराच्या तावडीत सापडतात.

उपचार झाले नाहीत तर यातून मांजर जवळजवळ कधीच वाचत नाही. अगदी परवापरवापर्यंत उपचारच नव्हते, त्यामुळे ‘शांतपणे झोपवून टाका’ हा सल्ला दयेचाच होता. आज तो घाईचा ठरतो. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात नील्स पेडरसन यांनी जीएस-४४१५२४ हे औषध एफआयपी झालेल्या ३१ मांजरांना दिलं. पाच दगावली. उरलेल्या २६ जणांनी किमान १२ आठवड्यांचा उपचार पुरा केला. काहींचा आजार उलटला, त्यांना पुन्हा औषध द्यावं लागलं, पण २५ मांजरं दीर्घकाळ जगली. हा निबंध २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला.

औषध सापडलं, ते बाजारात मात्र आलं नाही. पेटंट असलेल्या गिलियड कंपनीने प्राण्यांसाठी परवानाच दिला नाही. पोकळी काळ्या बाजाराने भरली. चीनमधून बिनपरवाना कुप्या येऊ लागल्या आणि फेसबुक गटांवरून एकमेकांना शिकवत जगभरचे मांजरवाले स्वयंपाकघरात इंजेक्शनं देऊ लागले. हे इंजेक्शन आम्लधर्मी, त्यामुळे भयंकर झोंबतं. मांजर टॉवेलात गुंडाळायचं, एकाने मानगूट धरायची, दुसऱ्याने टोचायचं, रोज ठरल्या वेळी. या लोकांना कायदा मोडणारे म्हणून हिणवण्यात काही अर्थ नाही. कायदेशीर दार उघडंच नव्हतं.

ते दार नंतर काही देशांनी उघडलं. ब्रिटनमध्ये २०२१ पासून हे औषध पशुवैद्याच्या चिठ्ठीवर रीतसर मिळतं. अमेरिकेने २०२४ मध्ये तशी वाट करून दिली. सायप्रसमध्ये २०२३ साली एफआयपीची साथ पसरली, तेव्हा तिथल्या सरकारने माणसांच्या कोविडसाठी घेतलेल्या मोल्नुपिराविरचा उरलेला साठा मांजरांसाठी खुला केला. लोकांच्या पैशातून घेतलेल्या गोळ्या मुदत संपून कचऱ्यात जाण्यापेक्षा हे शहाणपणाचंच झालं.

आता आपल्याकडे बघू. रेमडेसिव्हिर शरीरात गेलं की त्यातून तयार होणारा मुख्य घटक हाच, जीएस-४४१५२४. आणि रेमडेसिव्हिर महाराष्ट्राला कोणी समजावून सांगायला नको. एप्रिल २०२१ मध्ये एकेका कुपीसाठी लोक औषधाच्या दुकानांपुढे ताटकळले होते. गिलियडच्या परवान्यावर मुंबईच्या सिप्लासह अनेक भारतीय कंपन्यांनी ते बनवलं. मोल्नुपिराविरही इथे बनलं. म्हणजे कच्चा माल, कारखाने, अनुभव सगळं दाराशी, आणि तरी मांजर आजारी पडलं की माणूस व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘कुपी कुठे मिळेल’ विचारत बसतो. त्या कुपीत नेमकं किती औषध आहे, हे लेबलवरून खात्रीने कळत नाही. केंद्रीय औषध नियामकाने आणि पशुवैद्यक परिषदेने एकत्र बसून तपासलेल्या दर्जाचं औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळण्याची सोय करावी. यात नवा शोध लावायचा नाही, परिपत्रक काढायचं आहे.

निदानाची अडचण मात्र परिपत्रकाने सुटणार नाही. एफआयपीची एकच खात्रीची चाचणी नाही. रक्तातलं अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिन यांचं प्रमाण, पोटातलं पाणी, सोनोग्राफी, गरज पडल्यास पीसीआर असे धागे जुळवावे लागतात. त्यासाठी मांजर लवकर दवाखान्यात पोचायला हवं. खिडकीपाशी, फ्लॅश न लावता दोन्ही डोळ्यांचा एकत्र फोटो रोज काढून ठेवला तर डॉक्टरला बदल केव्हा सुरू झाला ते कळतं.

खर्चाचंही आधी बोलून घ्यावं. पोटात किंवा छातीत पाणी झालेल्या ४० मांजरांवर म्युनिकमध्ये झालेल्या अभ्यासात ४२ दिवसांचा उपचार ८४ दिवसांइतकाच लागू पडल्याचं २०२४ मध्ये दिसलं. डोळ्यात किंवा मेंदूत पोचलेल्या आजाराला हा हिशेब लागू धरता येत नाही. तिथे औषध पोचायलाच अडथळा असतो, म्हणून मात्रा जास्त लागते आणि बिलही वाढतं. कधी मांजर वाचतं, पण डोळ्याची दृष्टी परत येत नाही. एका डोळ्याने मांजर घर ओळखतं, बरणीचं झाकण उघडल्याचा आवाज ओळखतं आणि ओट्यावरच्या उडीचा अंदाजही नव्याने बांधतं.