पात्र बदलते तेव्हा

२०२५ सालच्या मे महिन्यात 'हेराफेरी' या हिंदी चित्रपटमालिकेच्या तिसऱ्या भागातून परेश रावल बाहेर पडल्याची वार्ता आली आणि रसिकांत एकच कल्लोळ उडाला. बाबूराव गणपतराव आपटे या मराठी घरमालकाची भूमिका त्यांनी २००० साली प्रथम केली आणि २००६ साली पुन्हा केली. त्यांच्यावाचून बाबूराव म्हणजे विठ्ठलावाचून पंढरी, असा रसिकांचा दावा होता. अक्षय कुमार यांच्या निर्मितिसंस्थेने रावल यांच्यावर २५ कोटी रुपयांच्या भरपाईची नोटीस बजावली. जूनच्या अखेरीस समेट झाला, रावल परतले आणि वाद मिटला. त्यातून वर आलेला प्रश्न मात्र मिटलेला नाही. भूमिका कोणाची? ती लिहिणाऱ्याची, ती उभी करणाऱ्या नटाची, तिच्यावर पैसा लावणाऱ्याची, की तिच्यावर जीव लावणाऱ्या प्रेक्षकाची?

कापसाचा भाव आणि पीककर्ज यांची विवंचना असलेल्या यवतमाळसारख्या जिल्ह्यातील कार्यकर्त्याला हा प्रश्न रिकामटेकडा वाटण्याचा संभव आहे. पण एका माणसाच्या जागी दुसरा माणूस उभा करता येतो काय, आणि तो कोणी व कशासाठी उभा करावा, हा प्रश्न नाट्यगृहाच्या दारात थांबत नाही. यवतमाळला तर तो जाहीर व्यासपीठावर सोडवावा लागला आहे.

प्रथम 'मूळ नट' या कल्पनेचाच विचार केला पाहिजे. 'हेराफेरी' हे १९८९ सालच्या 'रामजी राव स्पीकिंग' या मल्याळम चित्रपटाचे रूपांतर होय. तेथे हीच भूमिका इनोसंट या विनोदी नटाने गाजवली होती. म्हणजे हिंदी प्रेक्षक ज्याला मूळ म्हणून कवटाळतो, तो केरळच्या प्रेक्षकाच्या लेखी दुसरा आहे. जो आपल्याला प्रथम भेटला त्यालाच आपण मूळ समजतो. रसिकांचे प्रेम खोटे नसते, परंतु त्या प्रेमातून मालकी सिद्ध होत नाही.

मराठी रंगभूमीने हा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे. वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' धी गोवा हिंदू असोसिएशनने डिसेंबर १९७० मध्ये रंगमंचावर आणले. दिग्दर्शक होते विदर्भाचे पुरुषोत्तम दारव्हेकर आणि गणपतराव बेलवलकर होते डॉ. श्रीराम लागू. लागूंनंतर बेलवलकर कोण, ही चर्चा महाराष्ट्रात कित्येक वर्षे चालली. पुढे दत्ता भट आले, सतीश दुभाषी आले, यशवंत दत्त आले. २०१६ साली चित्रपट निघाला तेव्हा नाना पाटेकर आले. प्रत्येक वेळी जुन्या प्रेक्षकाने मान हलवली आणि प्रत्येक वेळी नव्या प्रेक्षकाने डोळे पुसले. लागूंची उंची त्यामुळे तसूभरही कमी झाली नाही. उलट, ती भूमिका एका नटाच्या छातीतच बंद राहिली असती, तर पुढच्या पिढ्यांना 'नटसम्राट' केवळ पुस्तकात वाचावे लागले असते.

निळू फुले यांचे उदाहरण तर चळवळीच्या घरातलेच. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडलेल्या या नटाने १९७२ साली विजय तेंडुलकरांचा सखाराम बाइंडर असा उभा केला, की त्याच्या जागी दुसऱ्याची कल्पनाही करवेना. तरी सयाजी शिंदे यांनी पुढे तो रंगवला. कलापथकाची वृत्तीच अशी, की भूमिका ही कोणाची जहागीर नव्हे. ती कामाची वाटणी आहे. आचार्य अत्रे यांचे १९३६ सालचे 'लग्नाची बेडी' लागू आणि फुले प्रभृतींनी सामाजिक कृतज्ञता निधीसाठी रंगमंचावर आणले, तेव्हा पहिल्या संचातील नट कोठे आहेत, असे विचारण्याचे कारण कोणाला पडले नाही. पूर्णवेळ कार्यकर्त्यांच्या मानधनासाठी नामवंत कलावंत घाम गाळत आहेत, एवढे प्रेक्षकांना पुरेसे होते.

यावरून कोणताही नट सहज बदलता येतो, असा निष्कर्ष काढणे मात्र घातक ठरेल, कारण भांडवलाला नेमके तेच हवे असते. गिरणीमालकाला साच्यावरचा कामगार जसा बदलता यावा असे वाटे, तसे निर्मात्याला पडद्यावरचा नट बदलता यावा असे वाटते. पात्राचे नाव, चष्मा, धोतर आणि बोलण्याची लकब ही आपली मालमत्ता, आणि त्यात प्राण फुंकणारा नट हा कंत्राटी मजूर! कायदाही या बाबतीत तोकडा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन कलावंताचे हक्क अधिक स्पष्ट झाले आणि व्यापारी वापराबद्दल मानधनाचा वाटाही मान्य झाला. तथापि चित्रपटासाठी एकदा लेखी संमती दिली, की उलट करार नसेल तर निर्मात्याच्या त्या चित्रपटावरील हक्काला नटाला हरकत घेता येत नाही. नामवंत नट निदान वकील देऊ शकतो. मागच्या रांगेत उभा राहणारा काय करणार? प्रेक्षक 'आमचा नट कुठे?' असे विचारतो तेव्हा तो नकळत श्रमाचीच बाजू घेत असतो. त्याच्या तक्रारीतला हा न्याय्य अंश ओळखला पाहिजे.

तेव्हा मूळ नट नाही, एवढ्यावरून निर्णय देता येत नाही. तो का नाही, हे पाहावे लागते. वय झाले, प्रकृती थकली, त्याने भूमिका पुढच्याच्या हाती दिली, तर तो वारसा होय. त्याला दूर करून त्याच्या कमाईवर दुसऱ्याने दुकान थाटले, तर ते अपहरण होय. आणि त्याला बोलू द्यायचे नाही म्हणून दूर केले, तर ती मुस्कटदाबी होय.

यवतमाळने यातला तिसरा प्रकार पाहिला आहे. जानेवारी २०१९ मध्ये येथे भरलेल्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना बोलावले होते. संमेलन उधळण्याच्या धमकीनंतर ते निमंत्रण मागे घेण्यात आले. अनेक साहित्यिकांनी बहिष्कार टाकला आणि महामंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. रिकाम्या झालेल्या त्या जागी कळंब तालुक्यातील राजूरच्या वैशाली येडे उभ्या राहिल्या. शेतकरी पतीने आत्महत्या केल्यानंतर एकटीने संसार ओढणारी ही स्त्री. ज्यांनी बदली शोधली त्यांचा हेतू पेच सोडविण्याचा असेल. पण बदली म्हणून आलेल्या या बाईंनी ती जागा स्वतःची करून दाखवली. म्हणून सहगल यांच्यावरील अन्याय धुऊन निघाला, असे मात्र नव्हे. त्यांचे न झालेले भाषण छापले गेले आणि ठिकठिकाणी वाचले गेले, हे योग्यच झाले. एका स्त्रीचा आवाज दाबल्याची भरपाई दुसऱ्या स्त्रीच्या आवाजाने होत नसते. दोन्ही आवाज ऐकणे, हेच खरे उत्तर होते.

वैशालीताई त्याआधी रंगमंचावरही उभ्या राहिल्या होत्या. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेल्या 'तेरवं' या नाटकात शेतकरी आत्महत्येची झळ सोसलेल्या स्त्रियांनीच भूमिका केल्या. तेरवं म्हणजे तेराव्या दिवसाचा विधी. पाहुणे जेवून जातात आणि बाईच्या पुढ्यात सावकार, बँक, सासर व शेत उरते, तेथून पुढचे हे नाटक. २०२४ साली इथापे यांनी याच नावाचा चित्रपट केला आणि त्यात सराईत कलावंत आले. मूळ नटीच्या गैरहजेरीचा प्रश्न येथे सर्वांत तीक्ष्ण होतो. जिने भोगले तिच्याखेरीज दुसरीने ते दाखवावे काय? दाखवावे. गोष्ट दूर जायची असेल तर ती अनेक मुखांतून गेली पाहिजे. अट इतकीच, की जिची गोष्ट आहे तिचे नाव पुसले जाऊ नये, आणि गोष्टीचे मोल होईल तेव्हा तिचा वाटा तिच्या पदरात पडावा.

मराठीत 'पात्र' हा शब्द नाटकातही आहे आणि तहसील कचेरीतही. शेतकऱ्याने जीव दिला की चौकशी होते आणि प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' ते ठरते. पात्र ठरले तर एक लाख रुपये. जमीन सासऱ्याच्या नावावर, कर्ज खासगी सावकाराचे, अशा कारणांनी प्रकरण अपात्र ठरले, तर घरच्या बाईचे दुःखही कागदावर अपात्र ठरते. १९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी पत्नी व चार मुलांसह मृत्यू कवटाळला. त्या घटनेला अनेक दशके उलटली. सरकारे बदलली, योजनांची नावे बदलली आणि प्रयोग चालूच राहिला. येथे नटांची उणीव कधी पडली नाही.

म्हणून रसिकांच्या वादाचा धागा येथवर आणणे भाग आहे. बेलवलकरांना पिढ्यानुपिढ्या नवे नट मिळोत. बाबूरावालाही कोणी ना कोणी मिळेल. पण 'तेरवं'मधील त्या बाईच्या भूमिकेला जिल्ह्यात नवे पात्र मिळू नये, ती कोणाच्या वाट्याला पुन्हा येऊ नये आणि उद्याच्या नटीला ती केवळ ऐकून, वाचून करावी लागावी, यासाठी मात्र झटले पाहिजे. ते काम रसिकांचे नाही. रास्त भाव, वेळेवर कर्ज आणि बाईच्या नावाचा सात-बारा यांसाठी गावोगाव उभे राहणाऱ्या कार्यकर्त्यांचे ते काम आहे.