आयत्या प्रोफाइलमध्ये न मावणारा सभासद

संस्थेच्या वेबसाइटवर सभासदांचं लॉगिन आणि प्रोफाइल जसं येतं तसंच ठेवावं, त्याला हात लावू नये, असं मानणारा एक पंथ आपल्याकडे चांगलाच फोफावला आहे. त्यातल्या एका जाणकारांनी अलीकडेच एका वाचनालयाच्या कार्यकारिणीला हे ठासून सांगितलं आणि कार्यकारिणीने माना डोलावल्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: वर्डप्रेस जगभर चालतं, त्यात लॉगिन तयार, प्रोफाइल तयार, मराठीसुद्धा तयार. बदल केले की ते अपडेटच्या वेळी मोडतात, सुरक्षितता जाते, पैसा जातो. आणि सभासदाला दोन मिनिटं आत यायचं असतं, त्याचे एवढे लाड कशाला?

अपडेटचा बागुलबुवा आधी बाजूला करू. वर्डप्रेसच्या मूळ फायलींमध्ये कोणी खाडाखोड केली, तर पुढच्या अपडेटला ती पुसली जाणारच. पण तसं करायला सांगतंय कोण? २००४ सालच्या १.२ आवृत्तीपासून प्लगइनची सोय आहे. लॉगिनचं पान कसं दिसावं, लॉगिननंतर सभासद कुठे जावा, प्रोफाइलमध्ये कोणते रकाने वाढावेत, या सगळ्यासाठी हुक (आपला कोड अडकवायच्या जागा) दिलेले आहेत. आपला कोड आपल्या छोट्या प्लगइनमध्ये राहतो, मूळ फाइलला धक्का लागत नाही. ज्यांना हा फरक माहीत नाही त्यांनी भीती घालू नये, आणि ज्यांना माहीत आहे त्यांनी तर मुळीच घालू नये.

सुरक्षिततेबद्दल एवढंच: पासवर्ड तपासण्याचं काम वर्डप्रेसकडेच राहतं, एक रकाना वाढवल्याने ते सैल होत नाही.

आता ‘तयार आहे’ म्हणतात ते काय तयार आहे, ते नीट पाहू, कारण माझा खरा राग तिथे आहे. सभासदाने स्वतः नोंदणी करायची तर वर्डप्रेस दोन गोष्टी विचारतं, युजरनेम आणि ईमेल. समजा, सत्तरीच्या एक आजी आपलं नाव देवनागरीत टाइप करतात. ते नाकारलं जातं. मुळात तिथे रोमन अक्षरं, अंक आणि मोजकी चिन्हं एवढंच चालतं. मग त्या काय भरणार? जे तोंडपाठ आहे ते, म्हणजे मोबाइल नंबर. तो बिनतक्रार स्वीकारला जातो. तोच त्यांचं टोपणनाव होतो आणि तोच सर्वांना दिसणारं नावही होतो. वाचनालयाने उद्या सभासदांची नावं कुठे दाखवायची ठरवली, तर आजींच्या नावाच्या जागी दहा आकडे झळकतील. दिसणारं नाव बदलता येतं, पण ते कुठे बदलायचं हे आजींना कोण सांगणार? आणि युजरनेम बदलता येत नाही, असं तर प्रोफाइलच्या पानावरच लिहिलेलं असतं. हे तंत्राचं अटळ बंधन आहे म्हणावं, तर तेही नाही. ड्रुपल ही वर्डप्रेससारखीच दुसरी प्रणाली युजरनेममध्ये देवनागरी घेते, आणि वर्डप्रेसमध्येही फिल्टर लावून ही आडकाठी काढता येते. न काढणं हा कोणीतरी घेतलेला निर्णय आहे, आणि तो घेताना आजींना कोणी विचारलेलं नाही.

पुढे लॉगिन झालं की सभासद थेट व्यवस्थापनाच्या पडद्यावर जाऊन पडतो. समोर आपली पुस्तकं नाहीत, वर्गणीची तारीख नाही. वरच विचारलेलं असतं, अ‍ॅडमिनची रंगसंगती कोणती हवी! खाली नाव, आडनाव, सक्तीचं टोपणनाव, वेबसाइट, स्वतःचा परिचय. हे रकाने काही वेदातून आलेले नाहीत. २०१३ च्या ३.६ आवृत्तीपर्यंत नव्या वेबसाइटवरही याच पानावर एआयएम, याहू आणि जॅबर अशा गप्पांच्या सेवांचे पत्ते विचारत असत. म्हणजे ‘जसं येतं तसं’ हेसुद्धा कोणाच्या तरी गरजेनुसार केलेलं होतं. फक्त ती गरज आपली नव्हती.

आणि नावाचं काय? आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव अशी नोंद असते. प्रोफाइलमध्ये मधल्या नावाला जागाच नाही. एकाच गावात त्याच नावाचे, त्याच आडनावाचे दोन सभासद असणं ही रोजची गोष्ट आहे. नोंदवहीत ते वडिलांच्या नावावरून ओळखू येतात, पण वेबसाइटच्या यादीत दोघं एकसारखे दिसतात आणि एकाने परत केलेलं पुस्तक दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतं. त्यातून १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आईचंही नाव लागतं. ही मुलं उद्या बालविभागात येतील तेव्हा दोन रकान्यांत चार नावं कशी कोंबायची?

‘मराठी आहे की!’ आहे, आणि त्याचा मला आनंदच आहे. २०१६ पासून प्रोफाइलमध्ये आणि २०२२ पासून लॉगिनच्या पानावरही भाषा निवडता येते. पण पाट्या मराठी झाल्या तरी रकाने तेच राहिले.

हा वाद माझ्या पिढीने आधीही ऐकला आहे. युनिकोडच्या आधी एका फाँटमध्ये केलेला मजकूर दुसऱ्या फाँटमध्ये उघडला की चिन्हांचा चिखल व्हायचा. तेव्हाही हेच आवाज होते: कशाला हा खटाटोप, लोकांना रोमन वाचता येतं, मराठीत टाइप करणार कोण? आज रस्त्यावरची भाजीवालीही मोबाइलवर मराठीत निरोप धाडते. तेव्हाच्या त्या शहाण्यांपैकी एकालाही कधी जाब विचारला गेला नाही. त्यामुळेच तेच पालुपद आता लॉगिनच्या पानावर ऐकू येतं.

राहिली ती दोन मिनिटं. सभासदाकडे दोनच मिनिटं असतील तर ती वाया न घालवणं हे आपलं काम आहे.

मग करायचं काय? फार नाही. सभासद क्रमांक किंवा मोबाइल नंबर टाकून आत येता यावं, आणि सर्वांना दिसणारं नाव मात्र देवनागरीतलं असावं. लॉगिननंतर सभासद ‘माझं पान’ इथे यावा: घेतलेली पुस्तकं, परतीची तारीख, वर्गणी, अनामत. नावाचे चार रकाने, पण सक्ती फक्त पहिल्याची. आजीव, साधारण आणि बालविभाग अशा सभासदांच्या भूमिका वेगळ्या. वेबसाइट आणि परिचय हे रकाने पानावरून काढून टाकावेत. यातल्या बऱ्याच गोष्टी इतर प्रणालींनी केव्हाच पदरात घातल्या आहेत. ड्रुपलमध्ये २०११ पासून आणि जूमलामध्ये २०१७ पासून सभासदाच्या प्रोफाइलला हवे ते रकाने कोडची एक ओळही न लिहिता जोडता येतात.

खर्च होतो, हे मान्य. पण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार कामापुरतीच माहिती मागायची आहे, आणि अठरा वर्षांखालच्या सभासदासाठी पालकांची पडताळता येणारी संमती हवी आहे. आयत्या प्रोफाइलमध्ये त्या संमतीला रकानाच नाही. तो जोडण्यासाठी कोणाला तरी बसवावंच लागणार आहे. त्याच बैठकीत बाकीचे रकानेही लावून घ्यावेत, काय बदललं ते मराठीत लिहून घ्यावं, आणि तो कागद प्लगइनच्या प्रतीसह वाचनालयाच्या दप्तरी ठेवावा. म्हणजे पुढच्या कार्यकारिणीला कोणा जाणकाराच्या तोंडाकडे बघत बसावं लागणार नाही.