कॉम्प्युटरची कीर्द वाचायला शिका: एकदा जमलेलं काम पुन्हा शोधत बसू नका



समजा, फुलचूरमध्ये तुम्ही ऑनलाइन फॉर्म, फोटो आणि झेरॉक्सचं छोटं दुकान टाकलंय. गोंदिया शहर अगदी लागून, त्यामुळे गिऱ्हाईक आहे आणि स्पर्धाही आहे. भरतीचे फॉर्म निघाले की फोटो ५० केबीच्या आत बसवायचा. धान विक्रीची नोंदणी सुरू झाली की सातबारा, आधार आणि पासबुक स्कॅन करून फाइल लहान करायची. रोज तेच काम, फक्त माणूस वेगळा.

आता हिशोब करा. एका फोटोला माऊसने २ मिनिटं लागली आणि दिवसाला ४० फोटो आले, तर ८० मिनिटं गेली. महिन्याचे २५ दिवस धरले तर २००० मिनिटं, म्हणजे ३३ तासांच्या वर. एवढ्या वेळात तुम्ही किती नवी गिऱ्हाईकं घेतली असती?

माझं मत स्पष्ट आहे. नवीन उद्योजकाने महागडं सॉफ्टवेअर घेण्याआधी कॉम्प्युटरची काळी खिडकी उघडायला शिकावं, आणि त्या खिडकीत सगळ्यात आधी जुनी कमांड शोधून परत वापरायला शिकावं. विंडोजमध्ये या खिडकीचं नाव पॉवरशेल, लिनक्स आणि मॅकवर टर्मिनल. फोटो लहान करायला इमेजमॅजिक, पीडीएफ लहान करायला घोस्टस्क्रिप्ट, व्हिडिओसाठी एफएफएमपेग ही साधनं फुकट मिळतात. एका ओळीची कमांड दिली की अख्ख्या फोल्डरचे फोटो एका दमात लहान होतात.

"सर, एवढी लांबलचक ओळ पाठ कोण करणार?" हा प्रश्न तुम्ही विचारणारच. उत्तर सोपं आहे: कोणीच नाही. ती ओळ कॉम्प्युटरने आधीच लिहून ठेवलेली असते.

आपल्याकडे व्यापारी कीर्द लिहितात. व्यवहार जसा घडला तसा, त्याच क्रमाने वहीत उतरवायचा. काळी खिडकी अगदी तेच करते. तुम्ही दिलेली प्रत्येक कमांड क्रमाने एका फाइलमध्ये जाते. तिला हिस्टरी म्हणतात. १९७० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात बिल जॉय यांनी सी शेल लिहिला, त्यात ही सोय होती. पुढे १९८९ मध्ये ब्रायन फॉक्स यांचा बॅश आला. आज लिनक्सच्या बहुतेक मशीनवर तोच असतो आणि त्यातही ही कीर्द आहे. म्हणजे सोय जुनी आणि पारखलेली आहे. तरी आपल्यापैकी बहुतेक जण फक्त वरचा बाण दाबत राहतात. एक मागची, दोन मागच्या, पंधरा मागच्या... आणि शेवटी कंटाळून ओळ नव्याने टाइप करतात.

असं करू नका. कंट्रोल दाबून धरा आणि आर दाबा. मग त्या कमांडमधले आठवतील ते तीन-चार अक्षरं टाइप करा. ती अक्षरं असलेली सगळ्यात अलीकडची ओळ समोर येते. हवी ती नसेल तर पुन्हा कंट्रोल-आर, म्हणजे त्याच्याही आधीची. सापडली की लगेच एंटर मारू नका. उजवा बाण दाबा, म्हणजे ओळ दुरुस्तीसाठी उघडी राहते. फोल्डरचं नाव बदला, आकडा बदला, मग एंटर. ही युक्ती लिनक्स, मॅक आणि पॉवरशेल तिन्हीकडे चालते. विंडोजच्या जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये मात्र एफ ७ दाबल्यावर यादी दिसते आणि खिडकी बंद केली की ती यादी जाते. म्हणून पॉवरशेलच वापरा.

आता दुकानदाराच्या कामाची युक्ती सांगतो. कमांड लिहून झाली की शेवटी एक स्पेस, मग # हे चिन्ह आणि पुढे तुमच्या भाषेतली खूण लिहा: फोटो५०, सातबारा, लग्नअल्बम, काहीही. इंग्रजी अक्षरांत लिहिलं तर टाइप करायला सोपं जातं. # च्या पुढचं कॉम्प्युटर वाचत नाही, पण कीर्दीत ते जसंच्या तसं उतरतं. पुढच्या भरतीच्या वेळी कंट्रोल-आर दाबून 'फोटो५०' लिहिलं की ओळ हजर. (मॅकवर ही खूण थेट चालत नाही, आधी एक सेटिंग बदलावी लागते.)

काही जण म्हणतील, "माऊसने होतंय की!" होतंय, मान्य. एकदाच करायचं काम माऊसनेच करा. पण माऊसच्या क्लिकची अशी कीर्द राहत नाही. काल कुठला मेनू उघडला, किती टक्के ठेवलं, हे तुमच्या डोक्यात राहतं, नाहीतर कामाला ठेवलेल्या मुलाच्या डोक्यात. तो मुलगा दिवाळीनंतर दुसरीकडे लागला की दुकानाची कला त्याच्यासोबत गेली! कमांड मात्र दुकानात राहते. अट एकच, दुकानाचं काम दुकानाच्या लॉगिनवरच करा, कारण प्रत्येक लॉगिनची कीर्द वेगळी असते.

"चॅटजीपीटीला विचारतो, तो कमांड देतो," असंही हल्ली ऐकतो. विचारा, जरूर विचारा. पण तेच रोज विचारलं तर रोज थोडं वेगळं उत्तर येऊ शकतं. तुमच्या मशीनवर, तुमच्या फाइलवर जी ओळ एकदा नीट चालली, ती तुमच्या कीर्दीत आहे. चाललेल्या ओळीची किंमत जास्त.

आता सावधगिरीचं, आणि इथे लक्ष द्या. जुनी ओळ न वाचता चालवणं म्हणजे न वाचता सही करणं. इमेजमॅजिकमध्ये मॉग्रिफाय नावाची कमांड आहे. ती मूळ फोटोवरच नवा फोटो लिहिते. कालची 'फोटो५०' ओळ आज चुकून गिऱ्हाईकाच्या लग्नाच्या फोल्डरमध्ये चालली, तर अख्खं लग्न पासपोर्ट फोटोएवढं होईल, आणि दुसरी प्रत ठेवली नसेल तर मूळ फोटो परत मिळणार नाहीत. दंड भरता येईल, लग्न परत लावता येणार नाही. म्हणून नियम करा: आधी प्रत काढा, काम प्रतीवर करा, आणि एंटरच्या आधी फोल्डरचं नाव बोट ठेवून वाचा. याच कारणाने !! लिहून मागची कमांड थेट चालवण्याची सवय मी नवख्यांना लावत नाही. त्यात वाचायला थांबणं होत नाही.

दुसरं, कीर्दीत पासवर्ड लिहू नका. कमांडमध्ये टाकलेला पासवर्ड साध्या अक्षरांत त्या फाइलमध्ये पडून राहू शकतो. लोक तुमच्याकडे आधार आणि पासबुक विश्वासाने देतात. तो विश्वास हेच तुमचं खरं भांडवल आहे.

तिसरं, वीज. बॅश आपली कीर्द साधारणपणे खिडकी नीट बंद केल्यावर फाइलमध्ये लिहितो. मध्येच लाइट गेली तर त्या खिडकीतलं दिवसभराचं लिखाण गेलं. लिनक्सवर काम करत असाल तर इंग्रजीत हिस्टरी लिहून, एक स्पेस देऊन, वजा चिन्ह आणि ए टाइप करा. तेवढ्यापुरतं लिखाण लगेच जमा होतं. पॉवरशेल प्रत्येक ओळ लगेच जमा करतो, तिथे ही चिंता कमी.

आणि कीर्दीनंतर काय? खतावणी! एखादी ओळ तुम्ही दहा वेळा शोधून वापरलीत, तर ती आता कीर्दीत ठेवू नका. छोट्या फाइलमध्ये नावानिशी जतन करा. त्या फाइलची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा. उद्या मशीन बदललं तरी धंदा त्याच दिवशी सुरू.

आजचा गृहपाठ: पॉवरशेल किंवा टर्मिनल उघडा. तीन साध्या कमांड द्या, प्रत्येकीला # लावून खूण करा. खिडकी बंद करा, पुन्हा उघडा आणि कंट्रोल-आरने तिन्ही शोधून काढा. जमलं की तुमच्या धंद्यात रोज दहा वेळा होणारं काम कोणतं, ते कमेंटमध्ये लिहा. त्यातलं एक काम निवडून त्याची एका ओळीची कमांड आपण पुढच्या व्हिडिओत बनवू.